मोड पडलेली तार

माझा भाऊ ऑक्ताव माझ्या घरात येतो आणि सरळ फेर्नांच्या खुर्चीत बसतो. टोपीसुद्धा काढत नाही. फेर्नां म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली. त्या खुर्चीत माझा मुलगा बसत नाही, मांजर चढलं तर मी झाडू घेते. पण ऑक्तावला कोण सांगणार? आमची आई म्हणायची, या पोराला देवानं बूड देताना हात सैल सोडला आणि लाज देताना मूठ आवळली.

गेल्या बुधवारी आला तो असाच. बूट चिखलाचे, फरशी मी सकाळीच पुसलेली.

"ताई, कॉफी टाक. मोठी बातमी आहे."

"तुझ्या बातम्या मोठ्याच असतात. बूट पुसून बस."

त्यानं बूट पुसले नाहीत. नगरपालिका हातोडाफेकीचं मैदान नवं करतेय म्हणाला. नवा जाळीचा पिंजरा, नवं सिमेंटचं वर्तुळ, आणि वर पाटी. पाटीवर त्याचं नाव. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, त्याचं बक्षीस. रविवारी महापौर फीत कापणार.

"तुझ्या एल्वाचा जुना हातोडा हवा होता," म्हणाला. "काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. माझ्या फोटोखाली. शिट्टी गळ्यात आहे ना, तो फोटो."

"मग शिट्टीच ठेवा."

"ताई, चेष्टा नको. तू पहिल्या बाकावर बसायचंस. लोकांना दिसू दे की आपल्यात काही वाकडं उरलं नाही. झालं गेलं कालव्यात गेलं."

झालं गेलं. त्याच्यासाठी गेलं असेल. माझ्यासाठी ते रोज दारावरून जातं. आमच्या गावात कुणाची कपड्यांची दोरी तुटली, सायकलची साखळी तुटली, ठरलेलं लग्न मोडलं, की लोक म्हणतात, "फेर्नांची तार दिसतेय." बेकरीत म्हणतात, चर्चच्या पायरीवर म्हणतात. लहान पोरं म्हणतात, ज्यांनी फेर्नांला पाहिलेलंही नाही. मी दुकानात शिरले की गप्प होतात, तेवढंच. ज्या माणसानं एकतीस वर्षं तार ओढली आणि एक वेटोळं परत आलं नाही, त्याचं नाव असं राहिलं. मला मरायच्या आधी ते पुसायचं होतं आणि कसं पुसायचं ते कळत नव्हतं. मी शाळेत तीन हिवाळे गेले. अर्ज लिहिणारी बाई मी नव्हे.

आता एल्वाचं सांगते, नाहीतर हे कळायचं नाही.

एल्वा माझा एकुलता एक. संत एल्वाच्या सणाच्या आदल्या दिवशी जन्मला, म्हणून ते नाव. धातूचं काम करणाऱ्यांचा तो संत. डिसेंबरच्या एक तारखेला आमच्या तारेच्या कारखान्यात यंत्रं बंद, अवजारांना लाल फिती बांधून ती भिंतीला टांगायची, मग प्रार्थना आणि मग बिअर. त्या दिवशी पक्कड हातात धरायची नाही. मोडली वस्तू मोडलेलीच राहू द्यायची. फेर्नां तर त्या दिवशी माझं भांड्याचं हँडलसुद्धा ठोकून द्यायचा नाही. "पोप आला तरी नाही," म्हणायचा.

एल्वा पंधरा वर्षांचा असताना सणाच्या त्या गर्दीत बाप्यांनी पैज लावली. भंगारातला गोळा, त्याला तार, तारेला मूठ, आणि कोण लांब फेकतो. मोठे मोठे गडी फेकताना स्वतःच पडले. हे पोर उठलं, दोन गिरक्या घेतल्या, आणि गोळा कुंपणापलीकडे बिटाच्या शेतात. ऑक्ताव तेव्हा शाळेत कसरत शिकवायचा. त्यानं ग्लास खाली ठेवला. मला आठवतं, कारण ऑक्ताव ग्लास सहसा खाली ठेवत नाही.

तिथून ते सुरू झालं. हातोडाफेक म्हणतात, पण हातोडा त्यात कुठे नाही. सव्वासात किलोचा गोळा, हातभराहून लांब तार, आणि मूठ. माणूस वर्तुळात डाव्या टाचेवर गरगर फिरतो आणि सोडतो. माझी जाऊ म्हणायची, हा काय खेळ, गाय हाकलायला पोरं असंच करतात. तिचा मुलगा टपालात चिकटला, शिक्के मारून मारून कुबडा झाला. असो.

दहा वर्षं मी त्या पोराला खाऊ घातलं. बटाट्याचं पोतं आठवड्याला संपायचं. डाव्या हाताचा कातडी मोजा दर महिन्याला फाटायचा, मी कारखान्यातल्या जुन्या मोज्यांची कातडी कापून शिवायची. हिवाळ्यात गोळा बिटाच्या चिखलात इतका खोल रुतायचा की फावडं लागायचं. एकोणिसाव्या वर्षी अठ्ठावन्न मीटर. बाविसाव्या वर्षी सहासष्ट, आणि छातीवर कोंबडा असलेली देशाची बनियन. मी ती धुऊन दोरीवर अशी वाळत घालायची की कोंबडा रस्त्याकडे तोंड करून राहील. चोविसाव्या वर्षी एकाहत्तर मीटर चौदा. देशात दुसरा. अंतर मोजायला देझिरे असायचा. शेजारचा, कारखान्यातून निवृत्त झालेला, फीत धरायचा, आकडा ओरडायचा आणि मग थुंकायचा. थुंकला नाही तर आकडा खरा नव्हे, असं पोरं म्हणायची.

तार मात्र फेर्नांची. दुकानातली तार तो एल्वाच्या हातात देत नसे. स्वतः ओढायचा, दोन्ही टोकांना फासे स्वतः वळायचा. मग डोळे मिटून अंगठ्याचं नख तारेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा. "तार डोळ्यानं दिसत नाही, झेली, नखानं दिसते." मीही अकरा वर्षं त्याच कारखान्यात तपासणीच्या बाकावर होते. तुटलेल्या तारेची टोकं बघायची आणि का तुटली ते सांगायचं, हे माझं काम. मला अक्षर वाचायला वेळ लागतो, तुटलेलं टोक नाही.

आमच्याकडे एक नियम होता, तो पहिल्या दिवशी शिकवतात. तारेला मोड पडली की ती तार भंगारात. सरळ करायची नाही. ठोकून सरळ केली की दिसते नव्यासारखी, पण आतून ती मेलेली असते. दहा वेळा धरेल, अकराव्या वेळी सोडेल.

आणि मग तो एक डिसेंबर. एल्वा पंचवीस वर्षांचा. पुढच्या उन्हाळ्याच्या मोठ्या स्पर्धांसाठी निवड करणारा माणूस पॅरिसहून येणार होता, एवढाच दिवस त्याला रिकामा. सण असूनही मैदान भरलं. फेर्नांनं सणाचा कोट घातला होता. मी पण होते, कुंपणाला टेकून, गरम वाइनचा पेला हातात.

पहिली फेक सत्तर. दुसरी एकाहत्तरवर. देझिरे थुंकला, लोक हसले. तिसऱ्या फेकीत, तिसऱ्या गिरकीला, तार तुटली. एल्वा मागे कोसळला. गोळा पिंजऱ्याच्या तोंडातून उजवीकडे गेला. देझिरे तिथेच उभा राहायचा, कारण दहा वर्षांत एल्वाचा गोळा कधी उजवीकडे गेला नव्हता. आवाज फार झाला नाही. मला वाटलं, कुणीतरी पोतं टाकलं.

देझिरे तिसऱ्या दिवशी लील शहराच्या इस्पितळात वारला.

चौकशीला जो माणूस आला त्यानं गोळा आणि लांब तुकडा नेला, आणि लिहिलं, तार सदोष. तार कुणाची? फेर्नांची. फेर्नांला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझ्या नखानं चुकवलं असेल." देझिरेची बायको लेओनी आमच्या दारात आली, उंबऱ्यावर त्याची अंतर मोजायची फीत ठेवून गेली. फेर्नांनं दुसऱ्या दिवशी ओढाईचं काम सोडलं आणि कारखान्याचं अंगण झाडायला मागून घेतलं. चार वर्षं झाडलं. रात्रंदिवस अंगठा बोटांवर घासत असायचा, जेवतानासुद्धा. नखाखालून रक्त यायचं. मग एका मार्चमध्ये संपला. त्याला पुरताना ऑक्तावनं कबरीजवळ भाषण केलं. "माणूस होता, माणसाकडून चूक होते, गावानं माफ करावं." मी त्याचे आभार मानले. हे मी सांगून टाकते, कारण माझ्या तोंडून ते गेलं आहे.

एल्वाचं त्याआधीच संपलं होतं. पुढच्या मोसमात तो चार स्पर्धांना गेला. प्रत्येक वेळी तिसऱ्या गिरकीच्या आधीच हात सुटायचे आणि गोळा जाळीत. तीनही फेकी बाद, पुन्हा तीनही बाद. ऑक्ताव बाहेरून ओरडायचा, "हात, हात! धर रे गाढवा!" पोराचे हात ऐकत नव्हते. कोंबड्याची बनियन त्यानं टपालानं परत पाठवली. नंतर बिटाची ट्रक चालवायला लागला, आजही चालवतो. एक मुलगी होती, मरियेट, नाकानं जरा मोठी पण कामाची. तिला म्हणाला, माझ्याशी लग्न नको करूस. कारण विचारलं तर गप्प. त्या पोरानं एकोणीस वर्षं गप्प बसायचा धंदाच केला.

गुरुवारी तो माझ्याकडे जेवतो. या गुरुवारी मी लीकचं सूप केलं होतं. सूप वाढता वाढता मी सांगितलं, मामाला तुझा हातोडा हवाय, कपाटात ठेवायला. स्वतःच्या फोटोखाली.

एल्वानं चमचा ठेवला. उठला, बाहेर ट्रककडे गेला. मला वाटलं, निघाला न जेवता. परत आला तो बिस्किटाचा जुना डबा घेऊन. डबा टेबलावर ठेवला आणि उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. सहा फूट दोन इंच माणूस.

डब्यात मूठ होती. आणि मुठीला वीतभर तार.

"ही तर पोलिसांनी नेली," मी म्हटलं.

"लांब तुकडा नेला. हा माझ्या मोज्यात होता. मी सांगितलं, मूठ सापडली नाही. पार बिटात गेली असेल."

मी चष्मा घातला नाही. खिडकीपाशी गेले, डोळे मिटले आणि नख फिरवलं. फाशापासून चार बोटांवर नख अडखळलं. मग डोळे उघडले. तार तिथे चपटी होती, एका बाजूनं, जेमतेम दिसेल इतकी. मोगरीचा घाव. आणि तुटलेलं टोक त्या चपटीच्या काठावरच. चांगली तार तुटताना आधी ताणते, टोकाशी बारीक होते. ही तशी नव्हती. गाजर मोडावं तशी मोडली होती. बाकावर असते तर एक क्षणही लागला नसता. मोड पडलेली, ठोकून सरळ केलेली.

"हे तुझ्या बापानं केलं नाही," मी म्हटलं.

"नाही."

"कुणी केलं?"

"आदल्या संध्याकाळी गोळा दगडावर पडला. मोड आली. मी म्हटलं, बाबांना सांगतो, नवी देतील. मामा म्हणाला, उद्या सण, तुझा बाप पक्कड हातात घ्यायचा नाही, आणि पॅरिसचा माणूस परत यायचा नाही. सकाळी त्यानं कालव्याकाठच्या रेल्वेच्या रुळावर ठेवून ठोकली. मी बघत होतो."

"बघत होतास."

"मला माहीत होतं, आई. तारवाल्याचा मुलगा मी. नियम माहीत होता. तरी फेकला. दोन फेकी धरली, मला वाटलं धरेल."

"आणि चौकशीत?"

"मामा म्हणाला, बाबांचं फार तर ओढाईचं काम जाईल. आपण खरं बोललो तर मैदान बंद, तुझी निवड बंद, मी तुरुंगात. उन्हाळ्यापर्यंत थांब, मग मी स्वतः सांगतो. मी थांबलो." तो खाली बसला. फेर्नांच्या खुर्चीत नाही, स्टुलावर. "उन्हाळ्यात मला फेकताच येईना. मग कशासाठी गप्प बसलो होतो तेही उरलं नाही. आणि बाबा रोज अंगण झाडत होते. दर दिवशी सांगायला येत होतो मी. दारापर्यंत यायचो."

मी त्याला मारलं नाही. सूप थंड झालं होतं ते परत पातेल्यात ओतलं, गरम केलं, वाढलं. "खा," म्हटलं. "मी तुला माफ केलेलं नाही. खा." तो रडत खात होता आणि मी भिंतीकडे बघत होते. फेर्नां एकदा जरी हा तुकडा नखाखाली धरता, तर आणखी वीस वर्षं जगला असता. या डब्याएवढं अंतर होतं. ट्रकमध्ये पडून होता डबा, आमच्या दारासमोर, दर गुरुवारी.

शुक्रवारी मी लेओनीकडे गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, रविवारी मैदानावर ये, तुझ्या देझिरेसाठी ये. ती म्हणाली, फेर्नांच्या बायकोच्या सांगण्यावरून मी कुठे येत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, तरी ये. दार लावलं तिनं. तिचं बरोबर होतं म्हणून मला राग आला नाही. असा राग न येणं मला कधी जमलं नव्हतं.

आणि आज, शनिवारी, ऑक्ताव आला. नवा सूट घालून, उद्याचा सराव म्हणून. आला, टोपी डोक्यावर, आणि बसला फेर्नांच्या खुर्चीत.

"हातोडा काढून ठेवलास ना, ताई? महापौराचा माणूस दुपारी येतोय न्यायला."

"काढलाय. अर्धाच आहे."

मी मूठ आणि तार त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे बघितलं. चेहरा नाही बदलला. ऑक्तावचा चेहरा बदलतच नाही, ते त्याचं भांडवल आहे. पण टोपी काढली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात टोपी काढली.

"कुठे मिळाली?"

"हात दे."

"ताई, ऐक. पॅरिसचा माणूस होता. पोराचं आयुष्य..."

"हात दे म्हटलं."

मी त्याचा अंगठा धरला. जाड, मऊ अंगठा, कामाचा एक चट्टा नाही. त्याचं नख फाशापासून तारेवरून ओढत नेलं. चार बोटांवर आलं आणि थांबलं. मी दाबून धरलं तिथेच.

"लागलं?"

त्यानं अंगठा ओढून घ्यायला बघितलं.

"तुझ्या मेहुण्याला हे एकदा लागलं असतं तर बास होतं. नख झिजेपर्यंत शोधलं त्यानं."

"मी त्याच्या कबरीवर बोललो, ताई. गावाकडून माफी मागितली त्याच्यासाठी."

"हो. मी आभार मानले तुझे."

स्वयंपाकघराच्या दारात एल्वा उभा होता, मीच त्याला बोलावलं होतं. ऑक्तावनं त्याच्याकडे बघितलं, जुन्या शिट्टीवाल्या नजरेनं. "तूही होतास तिथे," म्हणाला. "तूही बघत होतास."

"होतो," एल्वा म्हणाला. "उद्या तेही सांगेन. सगळ्यांसमोर."

"मग तुझंही नाव जाईल. एकाहत्तर चौदा, कोंबडा, सगळं. कशाला हवंय हे? म्हातारीला काय, आज आहे उद्या नाही."

तेव्हा मी बोलले. मोठ्यानं नाही. मोठ्यानं बोलायची सवय मला तो लहान असताना होती.

"ऐक, ऑक्ताव. देझिरे तुझ्या घाईनं मेला, ते तू लेओनीच्या दारात आज, आत्ता जाऊन सांगायचंस, उद्याच्या फितीआधी. ती थुंकली तर पुसू नकोस. फेर्नां घाईनं मेला नाही. तो चार वर्षं माझ्यासमोर मेला आणि तू दर रविवारी येऊन माझ्या हातचा ससा खाल्लास, रश्श्याची प्लेट पावानं पुसून. त्याला माझ्याकडे माफी नाही, देवाकडे असेल तर त्याच्याकडे माग, मी त्याच्याशीही बोलून घेईन. एल्वाचं मी बघते, तो माझा आहे, त्याची शिक्षा माझ्याजवळच आहे. पाटीवर तुझं नाव राहू दे, मी काढायला सांगणार नाही. पण उद्यापासून या गावात दोरी तुटेल, साखळी तुटेल, कुणाचं लग्न मोडेल, तेव्हा पोरं म्हणतील, ऑक्तावची तार. मी स्वतः शिकवीन त्यांना, बेकरीत उभी राहून. आता ऊठ. माझ्या नवऱ्याची खुर्ची आहे ती."